मांडीवरची मिठाची बरणी

एकदा एक सुगरण होती, द्वारका नावाची. तिच्या आमटीला फोडणी बसली की नदीपलीकडच्या माणसालाही भूक लागावी, असा हात. फक्त एकच होतं. जेवणाऱ्याने पानाच्या कडेला वाढलेल्या मिठाला बोट लावलं, की हिचं तोंड उतरायचं. "का गं, कमी झालंय?" हे ती इतक्या हळू विचारायची, की समोरची बाई जन्मभर अळणी खायला तयार व्हायची. अशी बाई तुमच्या ओळखीत नसेल कदाचित. मला रोज आरशात भेटते.

हळूहळू सणाला येणाऱ्या मैत्रिणी तिच्याकडे पाहुण्यांसारख्या वागू लागल्या. ताठ बसायच्या, वाहवा करायच्या, विडा तोंडात टाकून निघायच्या. लहानपणापासूनची शेवंती तर दोन वर्षं फिरकलीच नव्हती. या पाडव्याला कशीबशी 'येते' म्हणाली होती. याही वेळी ती तशीच उठून गेली तर कायमची सुटली, हे द्वारकेला कळत होतं. म्हणून तिने ठरवलं, की असं रांधायचं की शेवंती बघतच राहील.

पाडव्याच्या सकाळी माई आल्या. द्वारकेला रांधायला शिकवलं ते यांनीच. आता इतक्या म्हाताऱ्या झाल्या होत्या, की स्वप्नात चालल्यासारख्या चालायच्या. त्यांनी फळीवरची मिठाची बरणी उचलली आणि ओसरीवर जाऊन ती मांडीवर घेऊन बसल्या.

"माई, मीठ द्या ना. आमटी उकळतेय."

"उकळू दे. आज कशातच घालायचं नाही."

"अहो, नैवेद्य आहे!"

"देव काही बोलत नाही. म्हणून तर त्याचं नि तुझं पटतं."

"शेवंती येणार आहे, माई!"

"म्हणूनच."

गुरूचा शब्द मोडणार कसा? द्वारका आत गेली. कटाच्या आमटीची वाफ छपराकडे चढत होती, पुरणात जायफळ विरघळत होतं, दारातून कडुनिंबाचा मोहोर आत येऊन पडत होता. सगळं इतकं सुंदर, आणि सगळं अळणी. आपण जागे आहोत की झोपेत, हेच तिला समजेना.

मैत्रिणी आल्या, पानं मांडली गेली. माईंनी स्वतः उठून प्रत्येक पानावर चांगली चिमूटभर मीठ वाढलं. बायकांनी आमटीचा भुरका मारला आणि एकमेकींकडे पाहिलं.

"छान झालीये हो," एक जण म्हणाली.

"भाजी तर काय, वा!" दुसरी म्हणाली.

मिठाकडे मात्र कुणाचा हात जाईना. द्वारकेच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात शेवंतीने वाटी खाली ठेवली.

"द्वारके, मेले, ही आमटी आहे की आंघोळीचं पाणी?"

सगळ्यांच्या नजरा द्वारकेकडे वळल्या. मग द्वारकेलाच हसू फुटलं, रडता रडता. "अळणी आहे गं. सगळंच अळणी आहे! घ्या की मीठ!" पटापट बोटं पानाच्या कडेला गेली. कुणी शेजारणीच्या आमटीत टाकलं, कुणाचं जास्त झालं, कुणी आपला भात शेजारच्या पानात लोटला. इतका दंगा त्या घराने कधी ऐकला नव्हता.

जेवणं झाल्यावर द्वारका माईंजवळ टेकली. "असं का केलंत?"

माई म्हणाल्या, "पानात मीठ सगळ्यांत आधी वाढतात ना, ते रांधणारीचं बोलणं असतं. माझं काही उणं राहिलं असेल, ते तू तुझ्या हाताने भर, असं. तू मीठ वाढत होतीस, पण हे म्हणत नव्हतीस. ज्या घरात आपल्या हाताला कामच नाही, तिथे माणूस किती वेळ बसेल, बाळ?"

द्वारका तिथेच आडवी झाली. दुपार मऊ झाली होती. ओसरीवरच्या सतरंजीवर सगळ्या जणी एकमेकींच्या हातांच्या उशा करून पडल्या होत्या. कोण झोपलंय आणि कोण बोलतंय, ते ओळखू येत नव्हतं. आत स्वयंपाकघरात कुणीतरी न विचारता डबे उघडत होतं.

"द्वारके, चहाला गूळ कुठे गं?" शेवंतीचा आवाज आला.

"शोध की तुझी तू," द्वारका म्हणाली, आणि डोळे मिटून पडून राहिली.