अर्धा लिटर पाणी

"हौसाक्काला मशीनवरनं परत पाठवली म्हणे! म्हणजे आता तिचं..."

किरणोपचार विभागाबाहेरच्या बाकावरची बाई एवढंच बोलली. डॉक्टर शार्दूल येताना दिसला, तशी गप्प झाली.

त्यानं ऐकलं होतं. पोरगा मनाचा चांगला, पण हुशारीचा तोरा जरा जास्तच. हौसाक्काला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. किरणं कुठून, किती द्यायची, याचा आराखडा त्यानंच तीन दिवस खपून केलेला. आजार जळावा, शेजारची आतडी नि मूत्राशय वाचावं.

तो तडक मोठ्या मॅडमच्या खोलीत शिरला. कमलिनी मॅडम, त्याच्या गुरू.

"आजही हौसाक्काच्या फोटोत मूत्राशय रिकामंच! ते भरलेलं असलं की आतडी वर सरकतात, नाहीतर किरणांत येतात. रोज सांगतो, अर्धा लिटर पाणी प्या आणि थांबा. आतडी भाजली तर?"

"रागावलास तिच्यावर?"

"रागावलो."

"आणि तुझा आराखडा?"

"उत्तम आहे, मॅडम."

"कुणाच्या पोटासाठी?"

मॅडमनी पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"पी सगळी. तिच्याशेजारी जाऊन बस. उपचार घेऊन ती बाहेर येईपर्यंत मोकळं व्हायला जायचं नाही."

तो पाणी प्यायला आणि जाऊन बसला. हौसाक्का खुदकन हसली.

"तुमालाबी किरणं लागली व्हय, सायेब?"

तिची बाटली मात्र भरलेलीच.

पाऊण तास गेला. शार्दूलनं पायावर पाय घेतला. मग दुसरा पाय. शेवटी खिशातली किल्ली चाचपली. डॉक्टरांचं बाथरूम समोरच, दहा पावलांवर.

"आक्का, तुम्ही बायका कुठं जाता?"

"खाली, दोन जिनं उतरून. त्येला कुलूप. किल्ली वॉचमनकडं, आन् त्यो च्याला गेल्याला."

शार्दूलनं तिच्या भरलेल्या बाटलीकडं पाहिलं.

"चाळीस वर्सं बाजारात भाजी विकली, सायेब. बाईमाणसाला आडोसा न्हाई. घरनं निघताना पानी प्यायचंच न्हाई, ही सवय. तुमी म्हंता पी, मी व्हट भिजवते."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं कवा?"

किल्ली खिशातून काढून शार्दूलनं तिच्या तळहातावर ठेवली.

"ते समोरचं दार. उपचार झाला की लगेच जायचं. आता प्या."

तिनं एकदा किल्लीकडं पाहिलं, एकदा दाराकडं. आणि बाटली तोंडाला लावली.

पुन्हा पाऊण तास. आता त्याच्या कपाळावर घाम, आणि ती त्याला वारा घालतेय!

"दम धरा, लेकरा. जालंच."

आत जाताना तिनं किल्ली त्याच्याकडं सांभाळायला दिली. फोटो आला. मूत्राशय भरलेलं, आतडी वर सरकलेली. किरणं अगदी हवी तिथं गेली.

दार उघडलं. हौसाक्का लगबगीनं बाहेर आली.

बाकावरची बाई शेजारणीला सांगत होती, "परत पाठवलीवती ते खरंच गं, पन पानी प्यायला!"

शार्दूल किल्ली घेऊन बाथरूमच्या दाराशी पोचलाच होता. मागं मॅडम उभ्या.

"मॅडम... आता जाऊ?"

त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"किल्ली तिला दे. तुझं शिकणं अजून चाललंय."