सैल पट्टा

“मग चाचा, नवा कॉम्प्रेसर बसवला तरी आवाज येतो कसा?”

गफूर मिस्त्री निंबाखालच्या बाजेवर बसून समोरच्या निळ्या गाडीकडे बघत राहिले. निंबाचा मोहोर बॉनेटवर सांडत होता.

विचारणारा माणूस काही ऐरागैरा नव्हता. पुरुषोत्तम गावंडे, अकोल्याच्या एका तंत्रनिकेतनात एकोणीस वर्षं एसी आणि फ्रीज शिकवणारे मास्तर. अर्ध्या जिल्ह्यातले एसीवाले त्यांच्या हाताखालून गेलेले. असा माणूस बाळापूरच्या नदीकाठी, पत्र्याच्या शेडमध्ये, चौथीत शाळा सोडलेल्या मिस्त्रीपुढे उभा राहतो, तेव्हा पाणी गळ्याशी आलेलं असतं हे समजून घ्यावं.

मास्तरांनी तासभर व्याख्यानच दिलं. दोन कॉम्प्रेसर बदलले. तीन बेअरिंगं घातली. तेल नवं, गॅस मोजून भरलेला. दरवेळी आठ दिवस गाडी शहाण्यासारखी गप्प राहते आणि नवव्या दिवशी बॉनेटखालून घरघर सुरू. आजकाल सुटे भागच भिकार येतात, हे त्यांचं ठाम मत.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

“जुनी गाडी आहे,” ते म्हणाले. “एसी काढून टाका. काचा खाली करा अन् फिरा.”

“ते नाही चालायचं.”

“काहून?”

इतका वेळ धोधो वाहणारं मास्तरांचं तोंड एकदम आटलं.

मग हळूहळू बाहेर आलं. घर इथंच, बाळापुरात. घरी आई होती, गिरजाबाई. वय त्र्याऐंशी. दोन वर्षांपासून तिला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. सून परकी, नातवंडं परकी, पोटचा पोरगाही परका. त्याला ती ‘अहो भाऊ’ म्हणायची. पण ही गाडी मास्तरांच्या वडिलांची. दुपारी तिला मागच्या सीटवर बसवायचं, एसी लावायचा आणि गावाबाहेर एक चक्कर मारायची. गार वारा तोंडावर आला की तिचं मन कुठून कोण जाणे, ठिकाणावर यायचं. ‘पुरू, हळू चालव,’ म्हणायची. बस, एवढंच. तेवढ्यासाठी मास्तर दिवस काढायचे.

आता ती घरघर ऐकली की ती कानांवर हात ठेवते. कापसाच्या जिनिंगचं मशीन सुरू झालं म्हणते आणि गाडीत पाऊल टाकत नाही.

“दोन महिने झाले चाचा, आईनं मला नावानं हाक नाही मारली.”

एवढं बोलून मास्तर चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

“उद्या या,” मिस्त्री म्हणाले. “बोलणं घरी ठेवून या.”

दुसऱ्या दिवशी मास्तर आले तेव्हा उन्हानं सगळं थिजवून टाकलं होतं. कोरड्या नदीची वाळू पाण्यासारखी हलत होती. पलीकडची जुनी दगडी छत्री जमिनीपासून वीतभर वर तरंगत होती. कुठंतरी एक होला घुमत होता, आणि तोही झोपेतच घुमत असावा असं वाटत होतं. मिस्त्रींनी मास्तरांना बाजेवर बसवलं आणि बराच वेळ काहीच केलं नाही.

मास्तरांची चुळबुळ थांबली, तेव्हा ते उठले.

बॉनेट उघडलं. कॉम्प्रेसरकडे ढुंकूनही बघितलं नाही. त्याला फिरवणाऱ्या पट्ट्यावर अंगठा ठेवून दाबला. पट्टा तसूभर हलला नाही. मग बोटानं टिचकी मारली. पट्टा तारेसारखा वाजला.

“हा कोणी आवळला?”

“मीच. दरवेळी मीच आवळतो. दुसऱ्याच्या हातावर माझा भरवसा नाही.”

“कशानं?”

“पहारीनं…”

सैल पट्टा घसरतो आणि किंचाळतो, म्हणून आवाज आला की आधी पट्टा आवळा. हा धडा मास्तरांनी एकोणीस वर्षं फळ्यावर लिहिला होता. आवाज आला, त्यांनी आवळला. पुन्हा आला, आणखी आवळला. नवा कॉम्प्रेसर बसवला तोही तसाच, वर पहारीचा एक जादा हिसका देऊन.

मिस्त्रींनी पट्टा उतरवला. कॉम्प्रेसरचं चाक मोकळं झालं.

“डोळे मिटा अन् एका बोटानं फिरवा.”

मास्तरांनी फिरवलं. पहिल्यांदा काही कळलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा त्यांनी बोटाचा भार काढून घेतला, आणि तेव्हा आतली बारीक खरखर नखापर्यंत आली. चाक एकाच अंगाला झुकलं होतं. ताणलेला पट्टा बेअरिंगला सारखा आपल्याकडे ओढत राहिला होता, ते झिजेपर्यंत.

“तिन्ही बेअरिंगं चांगली होती, मास्तर.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्या जगाला नावं ठेवून झाली होती आणि चोर त्यांच्याच मनगटात निघाला होता.

नवं बेअरिंग बसलं. मिस्त्रींनी पट्टा चढवला, बेताचा ताणला आणि थांबले. अंगठ्याखाली तो बोटभर दबत होता. मास्तरांना राहवेना. त्यांचा हात आपसूक पहारीकडे गेला.

मिस्त्रींनी पहार उचलली, बाजेवर आडवी ठेवली आणि तिच्यावर जाऊन बसले.

“घसरेल हो, चाचा.”

“थोडं सैल असन तरच फिरन.”

गाडी सुरू केली. एसी लावला. कुठलीच घरघर नाही. नुसता वारा येत होता, निजलेल्या माणसाच्या श्वासासारखा. मास्तर मडगार्डवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं.

मग गाडी तशीच चालू ठेवून ते धावतच घरी गेले आणि आईला रिक्षातून घेऊन आले.

गिरजाबाई गाडीपाशी थबकली. कान देऊन ऐकलं. कुणी हात धरायच्या आत स्वतःच दार उघडून मागच्या सीटवर बसली. गार वारा तोंडावर आला तशी तिनं पदर सारखा केला आणि डोळे मिटले. गाडीच्या काचेवर निंबाची सावली हलत होती. ती सावली तिच्या चेहऱ्यावरून जात होती आणि तो चेहरा क्षणभर तिशीतल्या बाईचा वाटत होता.

मास्तर चालकाच्या जागेवर बसले आणि मागे वळले.

“आई, मी कोण?”

तिनं डोळे उघडले.

“सांग ना. माझं नाव काय?”

मास्तरांनी पुन्हा विचारलं, या वेळी मोठ्यानं, तोंडी परीक्षेला बसलेल्या पोराला विचारावं तसं. गिरजाबाईच्या कपाळावर आठ्या आल्या. हात दाराच्या मुठीकडे गेला.

मिस्त्री खिडकीपाशी आले. वाकले. त्यांनी तिला कोण, काय, काही विचारलं नाही.

“कुठं जायचं, बाई?”

तिचा हात मुठीवरून खाली आला. चेहरा निवळला.

“पुरूच्या शाळेत,” ती म्हणाली. “सुटन आता. लेकरू उन्हात उभं राहीन माहं.”

दोन महिन्यांनी ते नाव मास्तरांच्या कानावर पडलं होतं. त्यांचंच होतं, आणि त्यांना हात पुढे करून घेता येत नव्हतं. ते पुन्हा मागे वळले.

“आई, अगं मीच तो…”

मिस्त्रींनी खिडकीतून हात घालून त्यांच्या खांद्यावर ठेवला.

“त्या तुम्हालेच आणाले चालल्या, मास्तर,” गफूर मिस्त्री म्हणाले. “मधात येऊ नका… गाडी चालवा.”