काट्यावरचा तांदूळ

एका डोंगरगावात एक भोळे गुरुजी होते. नाव पुंडलिक. ऐकलेली गोष्ट ते तंतोतंत पाळत, फक्त भलत्याच ठिकाणी. त्यांच्या शाळेत सुकलीबाई पोषण आहार शिजवायची. पोरं घरून उपाशी यायची आणि दुपारच्या त्या एका पातेल्यावर दिवस काढायची. त्यामुळे गुरुजींचा भोळेपणा थेट पोरांच्या पोटावर यायचा.

एकदा अंडी आली. गुरुजी ती टरफलासकट वाटू लागले.

"गुरुजी, सोलून द्यावं," सुकलीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उकडलेले हरभरे होते. गुरुजी एकेक दाणा सोलत बसले. शाळा सुटली, पोरं उपाशीच घरी गेली. बाईनं समजावलं, की सोलत बसायचं नाही, घंटा झाली की समोर असेल ते वाढायचं.

तिसऱ्या दिवशी लाकडं ओली होती. चूल पेटेना. घंटा मात्र झाली. गुरुजींनी पाण्यातले कच्चे तांदूळ वाढले. पोरांनी पोटं धरली. बाईनं बजावलं, की शिजवल्याशिवाय काही म्हणजे काही द्यायचं नाही.

चौथ्या दिवशी कुणीतरी केळी पाठवली. गुरुजींनी ती सालीसकट तासभर उकळली.

"आता माझं ऐकू नका," बाई म्हणाली. "तपासणीला येणाऱ्या साहेबांचं ऐका."

साहेब शिकलेले होते, त्यामुळे धोका जास्त होता. ते आले आणि म्हणाले, की मुलं फार हडकुळी आहेत. एवढा तांदूळ येतो, तो सोमवारी काट्यावर दिसला पाहिजे.

सोमवारी गुरुजींनी प्रत्येक पोराच्या पाठीला पाच किलो तांदळाची पिशवी बांधली. पहिलीतली रमती वाकत वाकत काट्यावर चढली. साहेबांनी काट्याकडे पाहिलं. रमतीकडे पाहिलं नाही.

"साहेब, पोरीच्या पाठीला पिशवी आहे," सुकलीबाई म्हणाली.

"बाई, काटा खोटं बोलत नाही."

साहेबांनी शेरा लिहिला, की इथली मुलं धष्टपुष्ट झाली, आहाराची गरज उरली नाही. सगळा तांदूळ जीपमध्ये चढला. गुरुजींनी पोरांच्या पाठीवरच्या पिशव्याही सोडून नेऊन दिल्या, वर हात जोडले. शाळेत दाणा उरला नाही.

जीप निघाली. गुरुजींनी कौतुकानं रमतीला पुन्हा काट्यावर उभं केलं. काटा पाच किलो मागे आला. गुरुजींना फार वाईट वाटलं.

"रमते, साहेब वळणावर पोचले नाहीत, तोच पाच किलो घालवलेस? सरकारनं दिलेलं वजन असं उधळू नये, बाळ."