निषादाचा उजवा हात

पूर्वी पूर्णक राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व गंभीरा नदीच्या काठी निषादांच्या, म्हणजे नाव हाकणाऱ्या कोळ्यांच्या कुळात जन्मला आणि पुढे त्यांचा नायक झाला. राजाच्या आजोबांनी नदीत हात बुडवून निषादांना शब्द दिला होता : गंभीरेची मासळी तुमची, त्याबदल्यात पूर असो वा नसो, जो हाक मारील त्याला पार न्यायचे. दरसाल चढणीचे मासे आले की नायक पहिले जाळे टाकी आणि गाभोळीची, पोटात अंडी असलेली मासळी परत सोडून देई. एखाद्या साली जाळे पडले नाही, तर शब्द मोडला असे समजत.

पुढे राजाने पिंगल नावाचा जलाध्यक्ष नेमला. त्याने नगराजवळ बांध घातला, मासळी घटली, आणि खापर निषादांच्या माथी फुटले. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय! जो जाळे टाकील त्याचा उजवा हात तोडू, अशी दवंडी पिटली गेली.

नायकाची बायको कुरंगी. दवंडी ऐकल्यापासून ती रोज पैलतीर न्याहाळत असे. आषाढात मासे आले त्या सकाळी पैलतीरावर भाले दिसले आणि पिंगलाची हाक आली, "अरे, नाव आण!"

कुरंगीने नवऱ्याला घट्ट धरले. "अहो, नका ना जाऊ! तुमचा हात तोडायलाच येतायत मेले. राहू देत तिकडेच!"

"भीती मलाही वाटते गं," बोधिसत्त्व म्हणाला. "पण आपणच शब्द मोडला, तर मासळी कुठल्या तोंडानं मागायची?"

तो त्यांना घेऊन आला. मग त्यांच्यादेखत त्याने जाळे टाकले आणि गाभोळीची मासळी सोडून दिली.

"हात पुढे कर," पिंगल म्हणाला आणि त्याने तलवार उपसली.

बोधिसत्त्व मात्र पाण्याकडे पाहत होता. पाणी एकाएकी गढूळ झाले होते. "स्वामी, मोठा लोंढा येतोय. हा काठ बुडेल. आम्ही टेकडी चढू, पण तुमची बायकापोरं पलीकडे आहेत, आणि मग कित्येक दिवस पार जाता येणार नाही. एका हातानं वल्हं मारता येत नाही. आधी तुम्हाला पोचवतो, मग तिथं हात तोडा."

कुरंगीही नावेत चढली. मधोमध एक ओंडका आदळला, नाव कलली, सगळे किंचाळले. पिंगलाने दोन्ही हातांनी नायकाचा उजवा दंड कवटाळला, तो काठ लागेपर्यंत सोडला नाही.

काठावर बोधिसत्त्वाने हात नावेच्या कडेवर ठेवला. "घ्या."

कुरंगीने डोळे मिटले. तलवार चिखलात पडल्याचा आवाज आला आणि पिंगल हुंदके देत म्हणाला, "अरे, याच हाताला धरून मी जिवंत आलो!"

त्याने राजाला सारे सांगितले. राजाच्या आज्ञेने बांध फोडला गेला. राजाने निषादाशेजारी बसून नदीत हात बुडवला. कुरंगी मात्र पुढेही पैलतीरावरून हाक आली, की आधी नवऱ्याचा हात चाचपून पाही.

एवढे सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा पिंगल म्हणजे आजचा अंगुलिमाल, राजा म्हणजे आनंद, कुरंगी म्हणजे राहुलमाता, आणि तो निषाद मीच होतो. समोरच्याने मोडला तरी आपला शब्द आपण पाळावा, हीच सत्यपारमिता."