हौसाच्या कातळावरची एकदिवशी बी का धरत नाही

उंबरमाथ्याची खिंड ओलांडली की गाव दिसायच्या आधी एक काळा कातळ दिसतो. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. वैशाख सरता सरता वळवाची एखादी सर येऊन गेली की मात्र त्याच्या भेगाभेगांतून केशरी लिली उभी राहते आणि अख्खा उतार पेटल्यासारखा दिसू लागतो. मग गाड्या थांबतात, फोटो निघतात. फोटो काढून झाले की कोणीतरी हळूच खाली बसून गाडीच्या किल्लीने मुळाशी उकरायला लागतो, आणि नेमका तेव्हाच मागून भिकोबातात्यांचा आवाज येतो.

"हात काढा आधी. मागितल्याबिगर हितलं मूळ कुणी नेत न्हाई."

भिकोबातात्या फुलसुंदर हे गावच्या माळ्यांतले सगळ्यात जुने माणूस. पाहुण्यांना कातळ दाखवायचे काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतले आहे, आणि ते हसतमुखाने करावे असे त्यांना कधी वाटलेले नाही. रोपाचा भाव विचारणाऱ्याला ते उत्तरच देत नाहीत. कोणी बी मागितले तर मात्र त्याला दगडावर बसवतात आणि वाळलेला एक दांडा त्याच्या हातात देऊन बोंड शोधायला सांगतात. बोंड नसतेच. ही लिली सकाळी उमलते आणि सांजेला मिटते ती कायमची, म्हणून गावात तिला एकदिवशी म्हणतात. फुले ढीगभर येतात, पण बी एक धरत नाही. पसरते ती मुळांनी. असे का, ते तात्या सांगतात, आणि सांगताना कालच घडल्यासारखे तापतात.

पूर्वी ही बी धरायची, असे सांगतात. तेव्हा गाव जहागिरीत होते. वर टेकाडावर जहागीरदारांचा बंगला आणि खाली माळ्यांचे वाफे. केशरी एकदिवशी कोणा बैराग्याने डोंगरापलीकडून आणलेली, आणि पिवळी म्हणे बंगल्यासाठी बोटीतून आलेली, कुंडीत कुजायला लागली म्हणून उकिरड्यावर टाकलेली. ती उकिरड्यावरून उचलून आणली आवडाबाईने.

आवडा ही माळीवाड्यातली विधवा बाई. तिला एकच नाद होता. सकाळी फूल उमलले की त्याचे पराग बोटाच्या टोकावर घ्यायचे, दुसऱ्या फुलाच्या तोंडाला लावायचे आणि त्या दांड्याला लुगड्याच्या काठाचा दोरा बांधून ठेवायचा. बोंड पिकले की बी पेरायचे. पेरल्यापासून फूल दिसायला तीन-तीन पावसाळे जायचे. फूल दिसले की वाफ्यातली बहुतेक रोपे ती स्वतःच्या हाताने उपटून टाकायची आणि मनाजोगते एखादेच ठेवायची. शेजारणी म्हणायच्या, ही पोटच्या पोरासारखी वाढवते आणि वैरिणीसारखी उपटते. आवडा ऐकून घ्यायची आणि पुन्हा वाफ्याशी जाऊन बसायची.

तिची सून हौसा. सासरी आली तेव्हा तिला या खेळाचा राग यायचा. घरात दोन वेळची चूल पेटवायची मारामार, आणि सासू फुलांची सोयरीक जुळवत बसलेली. पण आवडाचे डोळे जायला लागले तेव्हा बोट हौसाचे आणि सांगणे सासूचे असा कारभार सुरू झाला. त्यातच हौसाला कधी गोडी लागली, ते तिचे तिलाही कळले नाही. रोज संध्याकाळी आवडा तिच्याकडून फुलांची कुळी पाठ म्हणून घ्यायची. थोरली केशरी. थोरलीची लेक पिवळट. पिवळटीची लेक तांबूस. तांबुशीच्या पोटी काय येईल ते अजून जमिनीत होते. आवडाला हवे होते पिकल्या जांभळाच्या रसाचे फूल, आणि त्याचा गळा तेवढा पिवळा. असे फूल तोवर कोणी पाहिलेले नव्हते.

ते उमलले त्याच्या आदल्या वर्षी आवडा गेली. हौसा त्या सकाळी वाफ्यात एकटीच होती. फूल बघून तिला आधी आनंद झालाच नाही, राग आला. बारा वाटांनी मरण फिरत असते, त्याला एक वर्ष थांबायला काय झाले होते, असे ती मोठ्याने म्हणाली म्हणतात. मग तिने फुलाला बोट लावले आणि कुळी पुरी केली. तांबुशीची लेक आवडा.

आता माळीवाड्याची एक जुनी रीत होती. कोणी तळहात पुढे करून रोप मागितले तर नाही म्हणायचे नाही. हात रिकामा परत गेला तर वाफा रुसतो, असे मानायचे. जहागिरीचा कारभारी त्र्यंबकराव हे जाणून होता. त्याने ते फूल पाहिले आणि तिथेच हात पुढे केला. हौसाकडे आवडाचे एकच बेट होते, दोन फुटव्यांचे. एक फुटवा तिने काढून दिला. कारभाऱ्याने तो गड्याकडे दिला आणि पुन्हा हात पुढे केला. पहिला मालकांसाठी होता, म्हणाला, आता हा मालकीणबाईंसाठी, माईसाहेबांसाठी. हौसाकडे तेवढाच उरला होता. पण सासूने शिकवलेली रीत. तिने दुसराही दिला, आणि वाफ्यात राहिला तो नुसता खड्डा. इथे तात्या हातातली काठी दगडावर आपटतात. रीत होती, खरी होती, पण ती माणसांसाठी होती, चोरांसाठी नव्हे, असे त्यांचे म्हणणे.

जाताना हौसाने एवढेच सांगितले, फुलाचे नाव आवडा आहे. कारभाऱ्याने मान हलवली.

फूल थंड हवेच्या ठिकाणी साहेबांच्या प्रदर्शनात गेले. चांदीचा पेला मिळाला. पेल्याबरोबर नाव परत आले, ते होते माईसाहेबांचे. जहागीरदारांच्या कल्पकतेतून निपजलेले फूल असे तिथे जाहीर झाले. ज्या माणसाने जन्मात कधी मातीला बोट लावले नव्हते, त्याची कल्पकता. हौसाने ते ऐकले आणि गिळले. नाव काय, वाऱ्यावरचे असते, घरात आपण आवडाच म्हणू, असे ती नवऱ्याला म्हणाली. पण गोष्ट तेवढ्यावर राहिली नाही. असले फूल दुसऱ्या कोणाकडे निपजता कामा नये म्हणून माळीवाड्यातली एकदिवशी झाडून उपटायचा हुकूम निघाला. थोरली केशरी, पिवळट, तांबूस, सगळी. जमीन जहागिरीची, मग दाद कोणाकडे मागणार? गडी कुदळी घेऊन आले. उपटलेली बेटे त्यांनी गाड्यांत भरून काळ्या कातळावर ओतली. वैशाखातले ऊन. तिथे ती दोन दिवसांत वाळून कोळसा होतील, असा हिशेब.

हौसा वाफ्याच्या कडेला उभी राहून बघत होती. तिला रडू आले नाही. आपणच दोन्ही फुटवे त्या हातावर ठेवले, हे तिच्या डोक्यात घणासारखे पडत होते, आणि प्रत्येक घावासरशी राग वर चढत होता. कातळावरच्या ढिगातून तिने थोरल्या केशरीचे एक बेट उचलले. त्याच्या दांड्यांना हिरवी बोंडे होती. ते पदरात घेऊन ती तडक टेकाड चढली.

बंगल्यावर त्या दिवशी पाहुणे जमले होते. मधोमध कुंडीत आवडा फुललेली, शेजारी चांदीचा पेला. माळ्याची बाई थेट आत आली तेव्हा गडी धावले, पण जहागीरदार खुशीत होते. येऊ द्या, म्हणाले. बक्षीस मागायला आली असेल.

हौसाने पदर सोडला आणि मातीसकट ते बेट फरशीवर ठेवले.

"ही हिची पणजी," ती म्हणाली. "थोरली केशरी. हिची लेक पिवळट, तिची तांबूस, आन् तांबुशीची ही. ज्या बाईनं ह्या चौघींची सोयरीक केली तिचं नाव आवडा. झाडं तुम्ही ठेवा. पेला ठेवा. ह्या मानसांम्होरं तिचं नाव तेवढं एकदा घ्या. मी गुमान जाते."

नाव तीन अक्षरांचे. घेतले असते तर काय झिजणार होते? तात्या हे दर वेळी विचारतात आणि पाहुण्यांकडे बघत राहतात.

जहागीरदार हसले. "फुलाला काय माळणीचं नाव द्यायचं?" ते म्हणाले, आणि ते हसले म्हणून पाहुणेही हसले.

हौसाने खाली बसून थोरलीचे एक एक बोंड खुडले आणि त्यांच्या पायाशी टाकले. मग उठून कुंडीतल्या आवडाला हात लावला. तिचीही बोंडे खुडली. कोणी अडवले नाही. तिच्या तोंडाकडे बघून कोणाची छातीच झाली नाही, असे सांगतात.

"आईचं नाव नको, तर लेकरूबी मिळायचं न्हाई," ती म्हणाली. "आजपासनं ही बी धरायची न्हाई. जाईल तर हातातनं हातात जाईल, आन् कुळी म्हनील त्यालाच द्यायची."

एवढे बोलून ती उतरून आली.

बंगल्यातल्या आवडाला मग खत घातले, पाणी घातले, मांडव घातला. ती मुळापासून सडली. पुढच्या वैशाखात कुंडीत नुसती माती होती. आणि इकडे कातळावर फेकलेली बेटे महिनाभर उन्हात पडून राहिली, वाळून दोरखंडासारखी झाली, आणि पावसाबरोबर भेगांत रुजली. पिवळट आणि तांबूस नाजूक, त्या गेल्या. थोरली तेवढी तगली आणि तिने सगळा कातळ धरला.

जहागीरदारांनी जंग जंग पछाडले. मूळ आहे तर पुन्हा फूल काढू म्हणून त्र्यंबकरावाला कातळावर धाडले. हौसा तिथेच होती. त्याने सवयीने तळहात पुढे केला. ती म्हणाली, कुळी म्हण. कारभाऱ्याला कुळी पाठ होती, त्या दिवशी बंगल्यात त्याने ती ऐकलीच होती. थोरली, पिवळट, तांबूस इथवर तो आला आणि थांबला. पुढचे नाव मालकाच्या कानावर गेले असते तर चाकरी गेली असती. हौसा वाट बघत राहिली. शेवटी त्याने हात मागे घेतला आणि गड्यांकडून मुळे ओरबाडून नेली. त्या मुळांना बंगल्यात फुले आली. पराग आले. बोंड मात्र एकही आले नाही.

हौसा पुढे खूप जगली. तिने पुन्हा पराग लावून पाहिले असतील का, असे कोणी विचारले तर तात्या मान खाली घालतात. लावून पाहिले म्हणे. दर वर्षी लावायची. तिच्याही बोटाला थोरलीने बी दिले नाही. शाप दिला तिने, आणि पहिला भोगला तोही तिनेच. पण तो मागे घेते, असे ती शेवटपर्यंत म्हणाली नाही.

बंगल्याचे आता जोतेही धड उरलेले नाही, आणि जहागीरदारांचे नाव गावात कोणाला आठवत नाही. उंबरमाथ्याला आजही रोप मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, पण आधी कुळी म्हणून घेतात. थोरली केशरी म्हणताना देणारा मूळ हातावर ठेवतो. मग पिवळट. मग तांबूस. शेवटी आवडाचे नाव आले की तो आपला दुसरा हात उघडून दाखवतो. तो रिकामा असतो. घेणाऱ्याने तो नीट बघायचा आणि मगच निघायचे.

आणि आजही नागपंचमीला, ज्या दिवशी कोणी जमिनीला कुदळ लावत नाही, माळीवाड्यातल्या बाया रिकाम्या हातांनी कातळावर जातात. एकेका वाळल्या दांड्यावरून बोटे फिरवत बोंड शोधतात. सापडले तर हौसाचा राग गेला असे समजायचे. उतार संपतो तिथे सगळ्यात वयाची बाई बाकीच्यांकडे वळून सांगते, "अजून रागातच हाय." मग त्या घरी येतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नसते.