राखेचा चौथा आजार

एका राज्यात एका मांत्रिकाचा मनोरा कोसळला आणि नगरावर काळी राख पडली. ज्यांनी ती अंगावर घेतली त्यांना खोकला लागला, डोळे जळू लागले, कातडी सोलवटू लागली. राजा पुष्कराक्षाने डोंगरातला औषधी झरा या तीन आजारांना खुला केला. दारावर बोलकी साळुंकी राखण करी. पण मरता मरता मांत्रिक झऱ्याला शाप देऊन गेला होता: राखेचा नसलेला आजार आत घ्याल तर पाणी आटेल, राखेचा आजार बाहेर ठेवाल तर पाण्याचं विष होईल.

बरीच वर्षं गेली आणि भागू परटीण दाराशी आली. राख उपसणाऱ्या शिपायांचे कपडे तिने नदीच्या घाटावर धुतले होते. गळ्याला गाठ, आवाज कुजबुजीएवढा उरलेला.

"महाराज, हासुद्धा राखेचाच."

राजवैद्य वसुमित्र म्हणाले, "बाई, तुम्ही राखेत उभ्या नव्हता."

"उभी नव्हते. पिळत होते."

राजाला घास गोड लागेना. झऱ्यावर जगणारे हजारो. चूक कुठेही झाली तरी तेच मरायचे. साळुंकी म्हणाली, "राजा, तीन कामं कर. घाटाच्या वरची गावं पाहा. खालची पाहा. मग मला उत्तर दे."

वरच्या गावांत राख पोचली नव्हती. राजा घरोघर फिरला. गाठ कुणालाच नाही, फक्त एक म्हातारा निघाला. खाली, जिथे धुण्याचं पाणी वाहत गेलं, तिथे दर दुसऱ्या घरात गाठ.

"तो म्हातारा, महाराज!" वैद्य घाबरले. "एक निघाला, खात्री गेली."

आता बघा, मिरचीचं पोतं घेताना आपण एकेक मिरची चावतो का? मूठभर काढतो, वास घेतो आणि हो-नाही सांगतो. पण इथे हो चुकला तर राज्य बुडायचं.

"खात्री आहे?" साळुंकीने राजाला विचारलं.

"नाही. दिसण्यासारखं होतं तेवढं पाहिलं. आजार राखेचा आहे. बाईंना आत घे. आम्ही उशीर केला असेल, तर पहिलं विष माझ्या पोटात जाऊ दे."

राजाने ओंजळ भरली. तो प्यायला, मग भागू प्यायली. पाणी बोटभर उतरलं. आणखी बोटभर. वैद्यांनी डोळे मिटले. मग पाणी थांबलं, चढलं, काठावरून वाहू लागलं. शाप भीतीवरच जगत होता; राजाने तिला न जुमानता निर्णय दिला, तिथेच तो तुटला. राखणीतून सुटलेली साळुंकी रानात उडून गेली.

वैद्यांनी खालच्या गावांत दवंडी पिटायला माणूस धाडला. भागूला तेवढा धीर कुठला! गळा मोकळा झालेला, ती कड्यावर जाऊन उभी राहिली.

"अगं चंद्रे! अगं ठमे! या गं वर, आपल्यालाही घेतलंय!"

खाली घाटावर धुणं थांबलं.