चिनी नवरीचा अर्धा आकडा

हसू नका हो पाहुण्यांनो! समोरच्या होडीतली नवरी केस बांधायला विसरलेली नाही. मोरखोलच्या खाडीत नवरी मोकळ्या केसांनीच येते. का, ते ऐका. पण उभे राहू नका, बुडालात तर बोल मला लागेल.

फार जुनी गोष्ट. इथल्या बंदरात लिन नावाचा चिनी रेशीमवाला राहायचा, म्हणे. त्याचं लग्न बापांनी लहानपणीच ठरवलेलं. त्यांच्यात केसांचा आकडा म्हणजे दिलेला शब्द. दोन दांड्यांचा लाकडी आकडा मधोमध चिरला, अर्धा त्याला दिला, अर्धा तिला. एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही. जिचा अर्धा जुळेल ती बायको, एवढीच ओळख.

नवरी यूलान पलीकडे गलबतातून उतरली आणि आमच्या पूर्वजाच्या, धर्मा तांडेलाच्या होडीत बसली. चौदा माणसं होती. मध्यावर फळीतली गाठ निखळली अन् पाणी भसाभसा आत! वजन कमी करायला धर्मानं सात जणांना वाळूच्या पट्ट्यावर उतरवलं. तरी पाणी थांबेना. तेव्हा त्या पोरीनं अंबाड्यातला आकडा उपसला, बाहीची चिंधी गुंडाळली आणि भोकात ठोकून बसवला. पाणी थांबलं. अर्धी भरलेली होडी कशीबशी काठाला आली.

काठावर लिन आणि त्याचा चुलता. चुलता म्हणाला, "अर्धा दाखव." तिनं होडीचा तळ दाखवला.

"उपसून जुळव. नाहीतर आल्या गलबतानं परत जा."

इकडे धर्मा पाणी उपसून परत निघायच्या घाईत. भरती चढत होती. पट्ट्यावरच्या माणसांच्या गुडघ्याला पाणी लागलेलं, त्यांच्या हाका काठापर्यंत येत होत्या. दुसरी होडी नव्हती. आकडा काढला तर जाणार कसं?

चुलता होडीत उतरून वाकला. यूलाननं त्याचा हात धरला. सासरच्या वडीलधाऱ्याचा हात, अहो!

"मला खुशाल परत पाठवा," ती म्हणाली, "पण आधी ती माणसं आणा."



लिननं कनवटीचा आपला अर्धा काढला. सगळ्यांना वाटलं, आता हा जुळवून बघणार. त्यानं तो तळाकडे नेलाच नाही. तिचे ओले केस गोळा केले, त्यात खोचला, धर्माला म्हणाला, "ढकल होडी," आणि स्वतः वल्ह्यावर बसला. सातही जण आले, असं सांगतात. शेवटच्याच्या छातीला पाणी लागलं होतं.

आजही मोरखोलला नवरी आली की नवरा गुडघाभर पाण्यात शिरतो आणि तिच्या केसांत आकडा खोचतो. मानपान, देणंघेणं, कुठली कोण, हे सगळं विचारायचं त्यानंतर. आणि त्यानंतर कोणी विचारत नाही.